खेकड्याच्या बिळाचा दर

मुंबईत सातबारा असतो, हे आमच्या ऑफिसातल्या
निम्म्या लोकांना अजून पटत नाही.

बोरिवलीच्या धक्क्यावरून होडीनं दहा मिनिटं,
पुढे चालत, वाळत घातलेले बोंबील डाव्या हाताला ठेवून,
मग एक मातीचा बांध सुरू होतो.
लांबी चारशे बारा मीटर. माथा दीड मीटर, जिथे उरलाय तिथे.
अलीकडे भात. पलीकडे खाडी.
मी या बांधाची कनिष्ठ अभियंता.

पहिल्या दिवशी टेप धरायला आला
नातल मिस्कीटा, उघाडीचा राखणदार.
पगार नाही, हुद्दा नाही, नुसती सवय.
टेपचं टोक चिखलात रोवून म्हणाला,
"बाय, लांबी मोजशील. भोकं कधी मोजणार?"

भोकं म्हणजे खेकड्यांची.
एका ओहोटीत दोनशे सहा मोजली, मग अंधारलं.
प्रत्येकातून खाडी आत डोकावत होती,
वाटीभर साखर मागायला आलेल्या शेजारणीसारखी
आणि जाताना मीठ सांडून.

दरसूचीत दगडाला दर आहे,
मुरुमाला आहे, पाणी मारण्याला, धुम्मस करण्याला आहे.
खेकड्याच्या बिळाला नाही.
मी ते 'किरकोळ व अकल्पित'मध्ये बसवलं.
साहेबांनी विचारलं, यातलं किरकोळ कोणतं
आणि अकल्पित कोणतं?

साहेब वाईट नाहीत. गाव माण तालुक्यातलं.
त्यांच्याकडे बांध घालतात ते पाणी थांबावं म्हणून,
थेंबाला हात जोडून.
पाणी परत पाठवायला पैसे मागणं
त्यांच्या जिवावर येतं.
लाभक्षेत्राच्या रकान्यात मी लिहिलं: एकोणीस हेक्टर.
त्यांनी खिडकीबाहेरचे टॉवर बघत विचारलं,
"अजून?"
अजून, सर. राता भात. सतरा घरं.

तिवरांना हात न लावण्याच्या अटीवर परवानगी आली
एकतीस मार्चला, संध्याकाळी.
निधी दुपारीच परत गेला होता.

भाद्रपदाच्या अमावस्येला रात्री फोन वाजला.
शेवटची होडी गेलेली. भाईंदरवरून, उत्तन करत, पोचले
तेव्हा बांधावर घरटी एक माणूस उभा होता.
रेजिना कोलासो, वय त्र्याहत्तर,
कपाळाला नातवाच्या सायकलची बत्ती बांधलेली.
तिनं माझ्या हातात घमेलं दिलं.
मी अधिकारी आहे हे कुणालाच आठवलं नाही,
मलाही.
पेंढा, चिखल, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या.
भोक बुजवावं तर शेजारचं बोलायला लागे.
बारा चाळीसला भरती पूर्ण भरली,
माथ्याच्या चार बोटं खाली येऊन थांबली
आणि बराच वेळ तिथेच विचार करत राहिली.

उजाडताना नातलनं भातातलं पाणी ओंजळीत आणलं.
"आता जिभेला विचार."
खारट नाही. गोड म्हणावं असंही नाही.

मोजमाप पुस्तिकेत मी लिहिलं:
चिखल, घमेली तीनशे चाळीस, अंदाजे.
मजुरी, शून्य.
पाण्याची चव, चालेल.
शेवटची ओळ साहेबांनी लाल शाईनं खोडली,
मग बाजूला, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात:
नक्की ना?

आता लेखापरीक्षणाचा आक्षेप आलाय, परिच्छेद चार.
"सोबत जोडलेल्या छायाचित्रात
काहीही घडलेले दिसून येत नाही. खुलासा करावा."

खरंच दिसत नाही.
अलीकडे भात, पलीकडे खाडी, मध्ये माती.
समुद्र आला नाही, याची पावती
कुणाच्या सहीनं घ्यायची?

तीन दिवस कोरा कागद समोर आहे.
आज फोटो भिंगाखाली धरला, तेव्हा दिसलं:
डाव्या कोपऱ्यात रेजिनाचं घमेलं, पालथं,
आणि त्यावर एक खेकडा,
नांग्या वर करून,
पुढच्या कामाची जागा बघणारा.